वादळाचे छायाचित्र कसे वाचावे?

मोठ्या तलावावर पश्चिमेचा वारा सुटला आणि पाण्यावर पांढरे तुरे उठू लागले, म्हणजे ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशा भोपाळकर मुलांना तलाव समुद्रासारखा भासतो. कोकणातून इकडे येऊन स्थायिक झालेली वडील मंडळी मात्र अशा वेळी हसतात. तलाव तो तलाव आणि दर्या तो दर्या, असे त्यांचे म्हणणे. आणि ते खरेही आहे. भोपाळपासून समुद्राचा अगदी जवळचा किनारा घेतला, तरी तो चार-पाचशे किलोमीटर दूर पडतो. खारा वारा, भरती-ओहोटी, बंदरावर चढणारा धोक्याचा बावटा, यांपैकी काहीच आपल्या वाट्यास आलेले नाही. समुद्रावरील वादळ आपल्याला भेटते ते चित्रांतून; वर्तमानपत्रातील, दूरदर्शनच्या पडद्यावरील आणि अलीकडे घरोघरच्या मोबाइलवरील.

असे असले तरी आपण ज्या पावसावर जगतो तो समुद्रावरूनच येतो. मध्य प्रदेशाला अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींकडून ओलावा मिळतो. उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशावरून सरकत सरकत आपल्यापर्यंत येतात, आणि मग भदभद्याचे दरवाजे उघडल्याची वार्ता शहरभर पसरते. तेव्हा समुद्रावर काय चालले आहे हे जाणणे म्हणजे कोणा परक्या मुलखाची हकीकत ऐकणे नव्हे. ते जाणण्याचे आपले मुख्य साधन छायाचित्र हेच असल्यामुळे, वादळाचे छायाचित्र कसे घेतात, त्यात काय दिसते, काय दिसत नाही आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार विद्यार्थ्यांनी एकदा नीट करावयास हवा.

छायाचित्रणाची विद्या आपल्या देशात बरीच लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील जाणते छायाचित्रकार होते. परंतु खवळलेल्या समुद्राचे चित्र घेणे हे त्या वेळी जवळजवळ अशक्य कोटीतील काम होते. काचेच्या पट्टीवर रसायनाचा ओला थर द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन ते धुवावयाचे, अशी ती पद्धती होती. काचेवर चित्र उमटण्यास बहुधा कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळात लाट येई, फुटे आणि परतही जाई; चित्रात तिच्या जागी धुक्यासारखा पांढुरका पट्टा तेवढा राही. दुसरी अडचण याहून चमत्कारिक होती. ती रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होत. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार जळून जाई आणि ढगांच्या जागी कोरा कागद उरे. ज्या ढगांमुळे वादळ ओळखावयाचे, तेच चित्रातून नाहीसे!

या अडचणीवर फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे या कलावंताने १८५६-५७ च्या सुमारास एक तोड काढली. समुद्र एका काचेवर टिपावयाचा, आकाश दुसऱ्या काचेवर टिपावयाचे आणि दोन्ही काचा क्षितिजाच्या रेषेवर जुळवून एकाच कागदावर छापावयाचे. ती चित्रे पाहून लोक थक्क झाले, आणि त्यांची थोरवी आजही कमी झालेली नाही. तथापि हवामानाचा अभ्यास करणाऱ्याने त्यांच्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, तर ती निरुत्तर होतात. हे ढग खरोखरच या लाटांवर होते काय? आकाश एका दिवसाचे, समुद्र दुसऱ्या दिवसाचा. कदाचित स्थळेही निराळी. कलेचे चित्र आणि नोंदीचे चित्र यांतील हा भेद आहे. कलेच्या चित्राला मी मुळीच नावे ठेवीत नाही. परंतु एक समजून दुसरे घेतले, म्हणजे घोटाळा होतो; आणि आजच्या काळात हा घोटाळा ल ग्रेच्या काळाहून शतपटीने अधिक होऊ लागला आहे. कोणतेही वादळ किनाऱ्याकडे निघाले, की दुसऱ्याच वर्षाची, कधी कधी दुसऱ्याच देशाची चित्रे त्या वादळाच्या नावाने मोबाइलवर फिरू लागतात. पाहणारा घाबरतो, पुढे ते खोटे निघते, आणि मग खरा इशारा आला तरी त्याला तो खोटाच वाटतो.

नोंदीवाचून एखादी गोष्ट किती दूरवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण मोठे बोधक आहे. १८८२ सालच्या जून महिन्यात मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आले आणि त्यात एक लाख माणसे दगावली, असे कित्येक पुस्तकांत व जगातील मोठ्या वादळांच्या याद्यांत छापले गेले आहे. पुढे संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा त्या काळच्या कागदपत्रांत अशा वादळाचा मागमूसही लागला नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची आहे. त्या वर्षी मुंबईत इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रे निघत होती. लाख माणसे दगावली असती आणि त्याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नसत्या, हे संभवत नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरून घेतले, आणि न झालेले वादळ इतिहासात जाऊन बसले. म्हणून कोणत्याही वादळाच्या चित्राला, मग ते शब्दांत असो की कागदावर, प्रथम स्थळ, दिवस आणि वेळ विचारावी.

आता किनाऱ्यावर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला काय दिसते ते पाहू. पावसाळ्यात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर कठडा ओलांडून दोन माणसे उंच उडणाऱ्या पाण्याची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ‘वादळ’ या शब्दाबरोबर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभे राहते. परंतु पुष्कळदा त्या दिवशी समुद्रावर वादळ नसतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. त्याच वेळी नैर्ऋत्येचा पावसाळी वारा लाटांना किनाऱ्याकडे ढकलीत असतो. आणि समोर उभा बांध असल्यामुळे पाण्याला पसरण्यास वाव न मिळून ते आकाशाकडे उडते. मुंबईची महानगरपालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते, ते याच कारणासाठी. भरती ही चंद्र-सूर्यांच्या ओढीने येत असल्यामुळे तिचे वेळापत्रक वर्षभर आधी मांडता येते. वादळाचे येत नाही. तेव्हा उडालेल्या पाण्याचे चित्र कितीही भव्य असले, तरी त्याच्याजवळ भरतीची वेळ लिहिलेली नसेल, तर ते हवामानाविषयी फारसे काही सांगत नाही.

याच्या उलट, खऱ्या वादळाची पहिली खूण पुष्कळदा दिसण्यास अगदी साधी असते. वादळ अद्याप शेकडो किलोमीटर दूर असते, किनाऱ्यावर वारा पडलेला असतो, आणि तरीही लांब-लांब, संथ, जड लाटा एकामागून एक येऊ लागतात. दूरच्या वाऱ्याने उठविलेल्या या लाटा वादळाच्या पुढे धावत आलेल्या असतात. आकाशात फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमय ढग एका दिशेने पसरतात. मग त्यांचा पातळ पडदा होतो, सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळे पडते, पुढे मळभ दाटते आणि शेवटी काळे, फाटके, खालून धावणारे ढग येतात. कोळ्यांच्या जुन्या पिढ्या हे सर्व डोळ्यांनी ओळखीत असत. छायाचित्रकाराने एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून, दर तासाला एक चित्र घेतले, तर हा सारा क्रम दहा-बारा चित्रांत उतरतो. त्यांतील एकही चित्र सुट्टे पाहिले, तर कोणी भिंतीवर लावणार नाही. परंतु ओळीने मांडली की ती बोलू लागतात.

वाऱ्याची दिशा ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. चित्रात वारा दिसत नाही. परंतु झुकलेले माड, बावटा, धूर, पाण्यावरील फेसाच्या रेघा यांवरून तो कळतो. हॉलंडमधील बाइज बॅलट या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक नियम सांगितला, तो विद्यार्थ्यांनी पाठच करावा. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. हा नियम माहीत असला, की माडांच्या एका चित्रावरून वादळाचे केंद्र कोठे आहे याचा अदमास करता येतो.

३ जून २०२० रोजी कोकणात आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हा नियम चांगलाच समजावून दिला. वादळांना नावे देण्याची यादी उत्तर हिंदी महासागराच्या भोवतालचे देश मिळून करतात. २०२० मध्ये तेरा देशांनी सुचविलेल्या १६९ नावांची नवी यादी प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील पहिलेच नाव बांगलादेशाने दिलेले ‘निसर्ग’ हे होते. अरबी समुद्रात १ जूनला तयार झालेला कमी दाबाचा पट्टा दोनच दिवसांत तीव्र चक्रीवादळ बनून ईशान्येकडे वळला. सर्वांच्या मनात धास्ती होती ती मुंबईची. कॅमेरेही बहुतांशी मुंबईकडेच रोखलेले होते. प्रत्यक्षात दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता.

आता नकाशा पुढे घेऊन पाहा. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र दिवेआगरजवळ असता त्याच्या उत्तरेस असलेल्या मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणार, म्हणजे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाणार. केंद्राच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे व खाली दापोली-मंडणगडच्या बाजूस, वारा समुद्राकडून जमिनीकडे येणार आणि पाण्याला आत ढकलणार. मुंबईची चित्रे त्या मानाने सौम्य निघाली यात नवल ते काय? पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी ‘वादळ फुकट गेले’ असे म्हणून टाकले. ते फुकट गेले नव्हते. ते कॅमेऱ्यांच्या जागी आले नव्हते, इतकेच.

श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या भागांत त्या दिवशी काय झाले, ते बाहेरच्या जगाला कळण्यास वेळ लागला. विजेचे खांब आणि दूरध्वनीचे मनोरे पडल्यामुळे चित्रे पाठविण्याचे साधनच उरले नव्हते. पुढे जी चित्रे आली त्यांत लाट नव्हती, फेस नव्हता. होत्या त्या आडव्या पडलेल्या नारळी-पोफळीच्या बागा. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळीचे झाड लावल्यावर नीट फळ धरण्यास सहा-आठ वर्षे लागतात, माडालाही तितकीच. बापाने लावलेली बाग दुपारच्या दोन-तीन तासांत गेली आणि मुलाला नव्याने खड्डे खणण्यापासून आरंभ करावा लागला, हे त्या चित्रांचे खरे वाचन आहे. माझ्या मते ‘निसर्ग’ची सर्वांत मोलाची छायाचित्रे तीच; घराच्या उडालेल्या पत्र्यांची आणि मोडलेल्या झाडांची. ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शोभत नाहीत, परंतु पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.

त्याच दुपारी हजारो माणसे किनाऱ्यावरील घरे सोडून सुरक्षित जागी गेलेली होती, म्हणून प्राणहानी त्या मानाने थोडी झाली. ती आधी हलविता आली, कारण वादळाचे दुसरे एक छायाचित्र दोन-तीन दिवस सतत घेतले जात होते. किनाऱ्यावरून नव्हे, आकाशातून.

या आकाशातल्या चित्राची कथा शब्दापासून सुरू होते. ‘सायक्लोन’ हा इंग्रजी शब्द आपल्याच देशात, कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, वादळात सापडलेल्या गलबतांच्या रोजनिशा एकत्र करून कोणत्या जहाजाला कोणत्या दिशेने वारा लागला ते नकाशावर मांडले. सारे बाण एका वर्तुळात फिरताना दिसले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव घडविले. हे वेटोळे त्यांनी कधीही डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि पृथ्वीवर उभ्या असलेल्या कोणालाही ते अखंड दिसणे शक्य नव्हते. पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने ‘टायरॉस-१’ हा हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह सोडला. तो अवघे अडीच महिने चालला. पण त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील समुद्रावर असलेल्या एका वादळाचे वेटोळे त्याच्या चित्रांत दिसले. रोजनिशांवरून रेखाटलेला पिडिंग्टन यांचा साप अखेर जगाने पाहिला.

भारताच्या बाबतीत सांगावयाचे तर १९८३ मध्ये सोडलेल्या ‘इन्सॅट-१बी’ पासून आपल्या स्वतःच्या उपग्रहाची ढगांची चित्रे नियमित मिळू लागली. केवळ हवामानासाठी असा पहिला भारतीय उपग्रह १२ सप्टेंबर २००२ रोजी गेला. कल्पना चावला यांच्या मृत्यूनंतर २००३ मध्ये त्याला ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आले. त्यानंतर २०१३ मध्ये ‘इन्सॅट-३डी’, २०१६ मध्ये ‘इन्सॅट-३डीआर’ आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इन्सॅट-३डीएस’ सोडण्यात आला. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने ते तिच्याभोवती फिरत असल्यामुळे आपल्याला ते एकाच जागी खिळल्यासारखे असतात. प्रत्येक उपग्रह दर अर्ध्या तासाला एक चित्र घेतो. दोन उपग्रहांच्या वेळा आलटूनपालटून ठेवल्या, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी एक चित्र हाती येते.

येथे भोपाळचा संबंध येतो, आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असतो. उपग्रह एकदा वर गेला म्हणजे काम संपले असे नाही. सूर्य-चंद्रांच्या ओढीने तो हळूहळू जागचा ढळतो. त्याला वेळोवेळी हलकासा धक्का देऊन परत जागेवर आणावे लागते, त्याचे तोंड पृथ्वीकडे नीट वळलेले ठेवावे लागते, त्याच्या विजेची व तापमानाची रात्रंदिवस विचारपूस करावी लागते. भारताच्या भूस्थिर उपग्रहांची ही निगराणी करणारी मुख्य नियंत्रण केंद्रे दोनच आहेत. एक कर्नाटकात हसन येथे १९८२ पासून, आणि दुसरे आपल्या भोपाळात २००५ पासून. ढगांची चित्रे भोपाळात उतरतात असा समज मात्र करून घेऊ नये. त्यांवर प्रक्रिया होते ती दिल्लीला हवामान खात्यात. चित्र घेताना कॅमेरा हलू नये म्हणून तो धरून ठेवणारा हात लागतो, तसे काम नियंत्रण केंद्रे करतात. समुद्र कधी न पाहिलेल्या गावात बसून समुद्राच्या छायाचित्रकाराचा हात स्थिर ठेवणारी माणसे आपल्या शेजारी राहतात, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

उपग्रहाचे चित्रही वाचावयास शिकावे लागते. दृश्य प्रकाशातील चित्र आपल्या डोळ्यांना दिसेल तसेच असते. पण ते दिवसाच मिळते. रात्री अवरक्त किरणांचे चित्र घेतात. त्यात प्रकाश नव्हे, तर उष्णता टिपली जाते. जो ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड. आणि जितका थंड, तितका तो चित्रात पांढरा दाखविण्याची रीत आहे. मोठ्या वादळी ढगांचे माथे उणे सत्तर अंशांच्याही खाली जातात. मात्र पांढरे दिसले म्हणजे खाली पाऊस असलाच पाहिजे, असे नाही. फार उंचावरील पातळ ढगही तितकाच थंड असतो आणि त्यातून एक थेंबही पडत नाही. दूरदर्शनवर वादळ तांबडे-पिवळे फिरताना दाखवितात, ते रंग आकाशात नसतात. तापमानाचे आकडे चटकन ओळखू यावेत म्हणून ते मागाहून भरलेले असतात. हे ठाऊक नसलेल्या मनुष्याला वाटते की समुद्रावर आग लागली आहे!

वेटोळे किती घट्ट आहे, मध्यभागी डोळा दिसतो की नाही, यावरून वादळाच्या जोराचा अंदाज बांधण्याची रीत व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसविली, आणि ती आजही जगभर वापरली जाते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईसमोरून उत्तरेकडे गुजरातला जात असता, त्याचा डोळा उपग्रहाच्या चित्रांत स्पष्ट दिसत होता. सारा देश घरी बसून तो पाहत होता. त्याच दिवशी मुंबईपासून दूर समुद्रात कामगार राहत असलेला पी-३०५ हा तराफा बुडाला; त्या दुर्घटनेत सत्तरांहून अधिक माणसे दगावली. चित्र मिळणे आणि माणूस सुरक्षित जागी पोहोचणे यांत केवढे अंतर राहू शकते, ते यावरून दिसते. ३६,००० किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या चित्रातला एक ठिपका, अगदी बारीक म्हटला तरी, एका किलोमीटरएवढा असतो. त्यात लाट दिसत नाही, होडी दिसत नाही, माणूस तर नाहीच. वरून वादळ दिसते; वादळात कोण आहे ते खालूनच पाहावे लागते.

आणि हे पाहण्याचे प्रसंग वाढत आहेत. समुद्राच्या पृष्ठाचे तापमान सुमारे साडेसव्वीस अंशांच्या वर गेले, म्हणजे चक्रीवादळाला पोसणारी वाफ भरपूर मिळते. पूर्वी अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. तो आता झपाट्याने तापत आहे, आणि गेल्या चार दशकांत त्यावरील चक्रीवादळांची संख्या व त्यांची मुदत दोन्ही वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ‘निसर्ग’ जमिनीवर चढून दुबळे झाले, तरी त्याचे अवशेष विदर्भावरून मध्य प्रदेशाकडे आले होते, हे लक्षात ठेवले म्हणजे ही केवळ कोकणाची चिंता राहत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, समुद्र नसला तरी या अभ्यासाचा सराव भोपाळात उत्तम होतो. आपला मोठा तलाव शहराच्या पश्चिमेस पसरलेला आहे, आणि पावसाळी वारेही पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच येतात. म्हणजे पूर्वेच्या काठावर उभे राहिले, की येणारे आभाळ पाण्यावरून थेट आपल्याकडे चालत येताना दिसते. काठावरची एक जागा ठरवा. चित्रात दरवेळी एखादी न हलणारी खूण येऊ द्या. तकिया बेट किंवा राजा भोजाचा पुतळा चालेल. क्षितिजाची रेषा आडवी, सरळ ठेवा. मोबाइलमधील कॅमेरा काळ्या ढगांना आपल्या मनाने उजळ करतो, तेव्हा प्रकाश हाताने थोडा कमी करावा. नाहीतर पावसाचा ढग आणि उन्हातला ढग सारखेच दिसतील. लाटेचा तुरा जागच्या जागी थिजवावयाचा असेल, तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका तरी ठेवावा. वाऱ्याचा जोर दाखवावयाचा असेल, तर तोच वेग पंधराव्या भागापर्यंत खाली आणून कॅमेरा कठड्यावर टेकवावा. झाडे हललेली उमटतील आणि दगड स्थिर राहतील. चित्र आवडले नाही तरी पुसू नये. क्रमातला एक दिवस गेला की क्रम तुटला.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावयाची आहे. वीज पडून मृत्यू पावणाऱ्यांची संख्या देशात ज्या राज्यांत सर्वाधिक असते, त्यांत आपले राज्य आहे. वीज चमकल्यावर सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तीसपर्यंत मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. लगेच कॅमेरा बंद करून पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. समुद्रकिनारी सुट्टीत गेलात, तर खडकांवर आणि बांधाच्या दगडांवर उतरून चित्र घेण्याचा मोह टाळावा. सात लाटा लहान आल्या म्हणून आठवी लहान असेल, असा करार समुद्राने कोणाशी केलेला नाही.

प्रत्येक चित्राखाली वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: दिनांक, वेळ, जागा, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते ती दिशा आणि वारा कोठून येत होता ते. त्याच वेळचे उपग्रहाचे चित्र हवामान खात्याकडून सर्वांस पाहावयास मिळते. ते शेजारी चिकटवावे आणि आपण काठावरून पाहिलेला ढग वरून कोठे व कसा दिसतो, ते शोधावे. असे करताना वेळेकडे नीट लक्ष असू द्यावे. उपग्रहाच्या चित्रावरील वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. तीत साडेपाच तास मिळविले म्हणजे आपली वेळ येते. चित्रावर दुपारचे बारा लिहिलेले असतील, तर भोपाळात त्या वेळी सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात.